चौघींचा डाव

जामखेडहून एसटीने नगरला जाताना वाटेत आष्टी आणि कडा लागतं. आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी पोचायला बीड जिल्हा ओलांडावा लागतो, याचं इथल्या माणसाला काही वाटत नाही. त्याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस धावला आणि ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवलं. सुवर्णपदक पाच शतांश सेकंदांनी हुकलं. धावणं आपल्याला कळतं. आपल्या रानात, आपल्या रस्त्यांवर पोरं पहाटे धावत असतात. त्यामुळे अविनाशचं यश कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

त्याच स्पर्धेत चार दिवस आधी, २ ऑगस्टला, चार भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकलं होतं. त्यांचा खेळ मात्र देशभर समजावून सांगावा लागला. लॉन बॉल्स हे नावच बहुतेकांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा रानी तिर्की या चौघी तोवर दहा-पंधरा वर्षं हा खेळ खेळत होत्या. ती वर्षं कशी गेली, हे कळल्याशिवाय त्या पदकाचं वजन कळत नाही.

आधी खेळ समजून घेऊ. तो आपल्या गोट्यांच्या जवळचा आहे, फक्त गोटी मोठी झाली आहे आणि ती सरळ जात नाही. साधारण ३१ ते ४० मीटर लांबीची, बारीक कापलेल्या गवताची सपाट हिरवळ असते. तिच्या एका टोकाला रबरी चटई टाकून खेळाडू आधी एक छोटा चेंडू घरंगळत सोडते. याला जॅक म्हणतात. मग दोन्ही संघ आळीपाळीने आपले मोठे चेंडू त्या जॅकच्या जवळात जवळ नेण्याचा प्रयत्न करतात. हा मोठा चेंडू जास्तीत जास्त १.५९ किलो वजनाचा असतो आणि त्याचा आकार मुद्दाम एका बाजूने किंचित चपटा ठेवलेला असतो. त्यामुळे वेग आहे तोवर तो बऱ्यापैकी सरळ जातो आणि वेग मंदावला की एका अंगाला वळू लागतो. जॅकवर नेम धरून सोडलेला चेंडू जॅकपाशी पोचतच नाही. तो किती वळेल, आज गवत ओलं आहे की कोरडं, वारा कुठून आहे, याचा हिशेब करून दुसरीकडेच कुठेतरी बघत तो सोडावा लागतो.

चौघींच्या प्रकारात प्रत्येकीला दोन चेंडू मिळतात. म्हणजे एका फेरीत दोन्ही संघांचे मिळून सोळा चेंडू. या फेरीला ‘एंड’ म्हणतात. सोळावा चेंडू थांबला की मोजणी होते. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या चेंडूपेक्षा आपले जितके चेंडू जॅकच्या जवळ, तितके गुण. दुसऱ्या संघाला त्या फेरीत शून्य. बर्मिंगहॅमला असे पंधरा एंड खेळायचे होते. चौघींची कामं ठरलेली असतात. पहिली खेळाडू ‘लीड’. जॅक सोडायचं आणि पायाभरणी करायचं काम तिचं. दुसरी तिच्यावर रचते. तिसरी मोडायचं किंवा सावरायचं काम करते आणि जवळ-लांब मोजायला वाकते. चौथी ‘स्किप’, म्हणजे कर्णधार. ती पलीकडच्या टोकाला उभी राहून बाकीच्या तिघींना हाताने खुणा करत दिशा दाखवते आणि सगळ्यांच्या शेवटी स्वतः खेळायला येते. डाव बिघडलेला असला तर तो निस्तरायची जबाबदारी तिचीच.

हा खेळ इंग्लंडचा, आणि फार जुना. १५४१ साली आठव्या हेन्रीच्या राजवटीत कारागीर, मजूर आणि नोकरचाकरांनी नाताळाखेरीज एरवी हा खेळ खेळू नये, असा कायदाच झाला. लोकांनी तिरंदाजीचा सराव सोडून यात वेळ घालवू नये, हे कारण. हा निर्बंध कागदावर तीनशे वर्षं राहिला आणि १८४५ मध्ये उठला. खेळ जमीनजुमला असलेल्यांचा राहिला, त्याचं एक मूळ इथे आहे. दुसरं मूळ गवतात आहे. असं गालिच्यासारखं गवत राखायला माणसं, पाणी आणि पैसा लागतो. १८३० मध्ये एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने गवत कापायचं यंत्र बनवलं, तेव्हा कुठे अशा हिरवळी सार्वजनिक बागांमधून परवडू लागल्या. पुढे १८४८-४९ मध्ये ग्लासगोच्या विल्यम मिचेल यांनी नियम लिहून काढले आणि स्कॉटिश स्थलांतरितांबरोबर हा खेळ ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा आणि दक्षिण आफ्रिकेत गेला. १९३० मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनला पहिली राष्ट्रकुल स्पर्धा झाली, तेव्हा त्यात लॉन बॉल्स होतं. त्यानंतर १९६६ ची किंग्स्टनची स्पर्धा सोडली तर ते कधीच वगळलं गेलं नाही. महिलांना मात्र या हिरवळीवर यायला १९८२ साल, ब्रिस्बेनची स्पर्धा उजाडावी लागली. ऑलिंपिकमध्ये हा खेळ नाही. पुढच्या सगळ्या गोष्टीत ही बाब ध्यानात ठेवायला हवी.

भारतात इंग्रजांबरोबर तो आला आणि क्लबांच्या कुंपणाआड राहिला, मुख्यतः कोलकात्यात. जामखेडसारख्या ठिकाणी तो का पोचला नाही, हे विचारायची गरज नाही. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची, तिथे सोळाशे चौरस मीटर गवताला रोज पाणी कोण घालणार? पण खरं सांगायचं तर रांची, गोलाघाट किंवा दिल्लीच्या सामान्य वस्त्यांपर्यंतही तो कधी पोचला नव्हता. तो पोचला एका वेगळ्याच कारणाने.

नोव्हेंबर २००३ मध्ये जमैकातल्या माँटेगो बे इथे मतदान झालं. दिल्लीने हॅमिल्टनचा ४६ विरुद्ध २२ मतांनी पराभव केला आणि २०१० ची राष्ट्रकुल स्पर्धा भारताकडे आली. यजमान देशाला सगळ्या खेळांत संघ उतरवता येतो, आणि घरच्या मैदानावर एखाद्या खेळात आपलं कुणीच नाही ही नामुष्की कुणाला नको असते. लॉन बॉल्ससाठी संघ बांधायचा, तर खेळाडू आणायचे कुठून? शाळेत हा खेळ नाही, महाविद्यालयात नाही, गल्लीत तर नाहीच. म्हणून दुसऱ्या खेळांतून माणसं उचलण्यात आली. ज्यांची पहिली वाट काही कारणाने बंद झाली होती अशी, पण अंगातली रग अजून विझली नव्हती अशी माणसं.

रांचीत हे काम मधुकांत पाठक यांनी केलं. ते क्रिकेटमधले जुने पंच. झारखंडला ३४ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरवायची होती. ती लांबत लांबत फेब्रुवारी २०११ मध्ये झाली. त्या निमित्ताने नामकुमला लॉन बॉल्सची हिरवळ तयार झाली आणि पाठक तिच्यासाठी खेळाडू शोधू लागले. लव्हली चौबे त्यांना तिथेच सापडल्या. लव्हली धावपटू होत्या, कमी अंतराच्या शर्यतींतल्या. कोळसा कंपनीत नोकरी करणाऱ्या वडिलांची मुलगी. दुखापतीने धावणं थांबलं. धावपटूची धाव थांबली की जग तिला विसरायला लागतं. २००८ च्या सुमारास पाठकांनी हा नवा खेळ सुचवला आणि लव्हलींनी तो धरला. पुढे त्या झारखंड पोलिसांत शिपाई झाल्या.

रूपा रानी तिर्कीही रांचीच्याच. त्या आधी कबड्डी खेळायच्या. कबड्डीपटूला समोरच्या सात जणींच्या हालचाली एका नजरेत टिपाव्या लागतात. पुढे त्यांच्याकडे आलेलं स्किपचं काम त्याहून फार निराळं नाही, असं मला वाटतं. सोळा चेंडूंचा पसारा बघून कोणता हलवायचा आणि कोणता तसाच ठेवायचा, हे तिला क्षणात ठरवावं लागतं. पुढे रूपा जिल्हा क्रीडा अधिकारी म्हणून रामगढला काम करू लागल्या. नयनमोनी सैकिया आसामातल्या गोलाघाट जिल्ह्यातल्या, मूळच्या वेटलिफ्टर. पायाच्या दुखापतीमुळे वजन उचलणं सुटलं आणि २००८ मध्ये त्या लॉन बॉल्सकडे वळल्या. नोकरी आसामच्या वन खात्यात. पिंकी दिल्लीच्या, क्रिकेट खेळलेल्या आणि आर. के. पुरमच्या दिल्ली पब्लिक स्कूलमध्ये शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका. २०१० साठी सरावाची हिरवळ त्यांच्याच शाळेच्या आवारात तयार झाली. मुलांना खेळ शिकवणारी शिक्षिका अंगणात आलेला नवा खेळ शिकायला उतरली आणि भारतीय संघात पोचली.

एक पोलीस, एक क्रीडा अधिकारी, एक वन कर्मचारी, एक शिक्षिका. या नोकऱ्या त्यांच्या कारकिर्दीला टेकू होत्या. ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळाला प्रायोजक मिळत नाहीत, जाहिराती मिळत नाहीत, सरकारी मदतीच्या याद्यांतही त्याचा नंबर मागे असतो. चेंडू बाहेरून मागवावे लागत, आणि योग्य हिरवळी देशात बोटांवर मोजण्याइतक्या. चौघी तीन वेगवेगळ्या राज्यांत राहणार, आणि एकत्र सराव फक्त शिबिरात. नोकरीतून सुट्टी मिळवायची, घरचं आवरायचं, मग दिल्लीच्या हिरवळीवर पोचायचं. ही सगळी धडपड वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेत न येता चालली होती.

ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीत पहिली परीक्षा झाली. रूपा, पिंकी आणि तानिया चौधरी यांचा तिघींचा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि अखेर चौथा आला. तीन-चार वर्षांपूर्वी चेंडू हातात घेतलेल्या मुलींनी पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ खेळणाऱ्या देशांच्या मांडीला मांडी लावली होती. त्या वेळी याची दखल घेतली गेली असती तर पुढची बारा वर्षं वेगळी गेली असती. पण दिल्लीच्या स्पर्धेभोवती घोटाळ्यांचा धुरळा इतका उडाला की चौथ्या क्रमांकाकडे बघायला कुणाला सवड नव्हती. स्पर्धा संपली, पाहुणे गेले, परदेशी प्रशिक्षक गेले. हिरवळ तेवढी राहिली. दिल्लीच्या यमुना क्रीडा संकुलात पुढेही सराव होत राहिला, हा त्या स्पर्धेचा फार थोड्या लोकांना ठाऊक असलेला वारसा.

२०१४ मध्ये ग्लासगो, २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट. दोन्ही वेळा पदक नाही. आशियाई लॉन बॉल्स स्पर्धांमधून पदकं येत होती, पण राष्ट्रकुलच्या पदकाशिवाय या खेळाचं भारतात काही खरं नाही, हे खेळाडूंना माहीत होतं. प्रत्येक वेळी पुढच्या चार वर्षांची वाट. आधी चार वर्षं, मग आणखी चार, आणि करोनाच्या काळात तर सरावही बंद. लव्हली आणि पिंकी चाळिशीला आल्या. आपल्याकडे चाळिशीतल्या बाईने मैदानावर असावं हे अजूनही लोकांना चमत्कारिक वाटतं. बर्मिंगहॅमला जाताना त्यांच्यासोबत परदेशी प्रशिक्षक नव्हता. व्यवस्थापक म्हणून अंजू लुथरा होत्या. त्या या मुलींबरोबर अनेक वर्षं होत्या, त्यांची दुखणीखुपणी जाणणाऱ्या होत्या.

सामने बर्मिंगहॅम शहरात नव्हते. तिथून थोड्या अंतरावर रॉयल लेमिंग्टन स्पा नावाचं गाव आहे. तिथल्या व्हिक्टोरिया पार्कमधल्या हिरवळींवर ते झाले. इंग्लंडच्या महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा वर्षानुवर्षं तिथेच भरत आल्या आहेत. म्हणजे हा इंग्रजांच्या घरातला ओटा म्हणावा. गटात भारताची गाठ इंग्लंडशी पडली आणि चौघी हरल्या. बाकीचे सामने जिंकून त्या पुढे गेल्या आणि उपांत्यपूर्व फेरीत नॉरफोक बेटाच्या संघाला हरवून पदकाच्या दारात उभ्या राहिल्या.

१ ऑगस्टला उपांत्य सामना न्यूझीलंडशी होता. या खेळात न्यूझीलंड म्हणजे कुस्तीत कोल्हापूर. दोन एंड होईतो भारत ०-५ ने मागे. चेंडू जड पडत होते, वळण चुकत होतं. पण लॉन बॉल्समध्ये एक सोय आहे, घाई करून काही मिळत नाही हे तो खेळ तुम्हाला सक्तीने शिकवतो. लव्हली जॅक सोडत राहिल्या, आपले दोन चेंडू जागेवर ठेवत राहिल्या, आणि हळूहळू अंतर कापलं गेलं. शेवटच्या एंडला सुरुवात झाली तेव्हा न्यूझीलंड १३-१२ असं एका गुणाने पुढे होतं. सगळ्यांचं खेळून झाल्यावर रूपा चटईवर आल्या. त्यांच्या चेंडूने जॅकजवळची मांडणीच बदलली. मोजणी झाली तेव्हा भारताला चार गुण, सामना १६-१३. लॉन बॉल्समधलं भारताचं पहिलं राष्ट्रकुल पदक त्या मोजणीत निश्चित झालं. वृत्तवाहिन्यांना मग घाईघाईने या खेळाचे नियम शोधावे लागले.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी. त्यांच्याकडे एस्मे क्रूगरसारखी अनेक स्पर्धांची मुरलेली खेळाडू होती. सात एंड झाले तेव्हा भारत ८-२ ने पुढे होता, आणि घरी बघणाऱ्यांना वाटलं की झालं. मग आफ्रिकेने पाठोपाठ गुण गोळा केले. दहाव्या एंडनंतर ८-८. अकराव्यानंतर आफ्रिका १०-८. सहा गुणांची आघाडी गेली होती, वर दोन गुणांचं ओझं आलं होतं. अशा वेळी नवखा संघ जोरात चेंडू मारून समोरची मांडणी उधळायला बघतो. चौघींनी तसं केलं नाही. त्या परत जॅकजवळ अलगद चेंडू ठेवायच्या मूळ कामाला लागल्या. बाराव्या एंडला १०-१०. तेराव्याला १२-१०. चौदाव्याला तीन गुण, १५-१०. आता आफ्रिकेला नुसत्या बरोबरीसाठीही एका एंडमध्ये पाच हवे होते. पंधराव्याला ते तर मिळाले नाहीतच, उलट भारताने आणखी दोन घेतले. १७-१०. शेवटच्या चार एंडमध्ये नऊ गुण मिळवले आणि एकही दिला नाही. हा तपशील मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण पंधरा वर्षं दुर्लक्षात खेळलेल्या माणसांचं धैर्य त्या चार ओळींच्या गुणफलकात दिसतं.

चौघी एकमेकींना मिठी मारून रडल्या. ती दृश्यं देशभर फिरली आणि त्या सकाळपर्यंत आपल्या शहरातही अनोळखी असलेल्या बायकांना पंतप्रधानांपासून सगळ्यांची शाबासकी मिळू लागली. त्या स्पर्धेत भारताने २२ सुवर्णांसह ६१ पदकं जिंकली. बहुतेक कुस्ती, वेटलिफ्टिंग, मुष्टियुद्ध, टेबल टेनिस अशा ओळखीच्या खेळांतली. सुरुवात ३० जुलैला सांगलीच्या संकेत सरगरच्या रौप्यपदकाने झाली होती. या यादीत लॉन बॉल्सचं सुवर्ण अनपेक्षित पाहुण्यासारखं येऊन बसलं.

चौघींच्या मागोमाग पुरुषांचा चौघांचा संघही अंतिम फेरीत गेला. सुनील बहादूर, नवनीत सिंग, चंदनकुमार सिंग आणि दिनेश कुमार यांना उत्तर आयर्लंडने १८-५ असं हरवलं, पण रौप्यपदक आलं. तारीख ६ ऑगस्ट, अविनाशच्या शर्यतीचाच दिवस. हेही नोकरी सांभाळून त्याच मोजक्या हिरवळींवर तयार झालेले खेळाडू. ज्या खेळात भारताला राष्ट्रकुलचं एकही पदक नव्हतं, त्यात आठवड्याभरात दोन आली.

परिणाम काय झाला, हे मोजताना हात राखून बोलावं लागतं. राज्य सरकारांनी आपापल्या खेळाडूंचा गौरव केला. २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या ३७ व्या राष्ट्रीय स्पर्धेच्या यादीत लॉन बॉल्स होतं. पण जिल्ह्याजिल्ह्यात हिरवळी उगवल्या नाहीत, त्या अशा उगवतही नाहीत. खेळाचं भवितव्य अजूनही राष्ट्रकुल स्पर्धेच्या यादीला बांधलेलं आहे. २०२६ च्या ग्लासगो स्पर्धेसाठी खर्च कमी करताना खेळांची संख्या दहावर आणली गेली. हॉकी, कुस्ती, बॅडमिंटन हे भारताला भरभरून पदकं देणारे खेळ बाहेर गेले. बॉल्स राहिलं, पण छताखाली, गवताऐवजी गालिच्यावर खेळायचं. गवतावर हात बसलेल्या खेळाडूंना चेंडूच्या वळणाचा हिशेब नव्याने शिकायचा.

चौघींपैकी दोघींना पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला. पिंकींना तो ९ जानेवारी २०२४ रोजी राष्ट्रपती भवनात दिला गेला. त्याआधी ३० नोव्हेंबर २०२२ ला तिथेच राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते २०२२ चे पुरस्कार देण्यात आले होते. त्या वर्षीच्या मानकऱ्यांच्या यादीत लॉन बॉल्ससमोर गोलाघाटच्या नयनमोनी सैकियांचं नाव होतं आणि ॲथलेटिक्ससमोर मांडव्याच्या अविनाश मुकुंद साबळेचं.